खैरोचं आह

आवाज साफ करणाऱ्या प्रोग्रामांवर माझा राग आहे आणि तो मी मरेपर्यंत सोडणार नाही. "ते जुनं झालं हो बाई, आताचे प्रोग्राम फार हुशार आहेत," असं इथली पोरं मला समजावतात. असतील हुशार. हुशार माणसंही मी पुष्कळ पाहिली आहेत. कुठे तोंड घालू नये ते त्यातल्या फार थोड्यांना कळतं.

मी लमीस. कैरोच्या कडेला आम्हा सीरियन लोकांची मोठी वस्ती आहे, तिथे तिसऱ्या मजल्यावर माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय, तर झोपायची खोली, भिंतींना गोधड्या, एक लॅपटॉप आणि दोन माइक. जाहिराती होतात, शाळांची गाणी होतात, पोटापुरतं होतं. मूळची मी अलेप्पोची, म्हणजे आमच्या बोलीत हलबची. माझ्या बाबांचं तिथे कॅसेटचं दुकान होतं. घराघरांतल्या अंगणांत गाण्याच्या बैठका व्हायच्या, बाबा टेप घेऊन जायचे आणि मी त्यांच्या वायरी सोडायची, गुंडाळायची. लाल वायर, पांढरी वायर. आवाज कुठून निघाला आणि कुठे चालला ते डोळ्यांना दिसायचं, बोटांना लागायचं. काही बिघडलं तर गुडघ्यांवर बसायचं आणि वायर धरून तिच्या मागे मागे जायचं. बिघाड कुठेतरी सापडायचाच. ते सुख गेलं ते गेलंच.

आमच्या गावात गाणारे खंडीभर होते, पण गावाची कीर्ती ऐकणाऱ्यांमुळे. बाहेरचा मोठा गवईसुद्धा हलबमध्ये यायचा तो हातपाय कापत. आणि ऐकणाऱ्यांत खैरो म्हणजे शेवटचा शब्द. माणूस साबणाच्या भट्टीवाला, लिहिण्यावाचण्याचा कंटाळा, बैठकीत कायम दाराजवळ बसणार. बाकीचे "अल्ला! अल्ला!" करून घर डोक्यावर घ्यायचे तेव्हा हा आपला माळेचे मणी ओढत गप्प. मग गाणारा कुठे कुठे भटकून एखाद्या अवघड जागेवरून सुरावर परत उतरला, की खैरोच्या पोटातून यायचं, "आऽऽऽह." खर्जातलं, लांबलचक. ते आलं की गाणाऱ्याच्या जन्माचं सार्थक. नाही आलं तर तो समजून घ्यायचा, चहा प्यायचा आणि घरी जायचा. खैरोला "आवडलं का?" असं कुणी विचारायचं नाही. ऐकणाऱ्याला असं विचारणं म्हणजे वाडगं घेऊन दारात उभं राहणं. आमच्याकडे जीव जाईल पण ते कुणी करणार नाही.

ही सगळी मुळं उपटली गेली. माझी इथे लागली, अबू मुनीबची इथेच चार गल्ल्या सोडून लागली. अबू मुनीब म्हणजे खैरोचं सगळ्यात जास्त आह ज्याने मिळवलं तो गवई. हलब सोडल्यापासून त्याने तोंडातून सूर काढला नव्हता. लग्नाला बोलवा, रमझानला बोलवा, एकच उत्तर, "इथे ऐकतंय कोण? भिंतीला गाऊ?" मी दोनदा गळ घातली, दोन्हीदा मला चहा पाजून वाटेला लावलं.

मग एका थंडीच्या सकाळी त्याची मुलगी नहला माझ्याकडे आली. आली ती स्कार्फही न सोडता खुर्चीवर बसली.

"बाबांच्या घशाचं ऑपरेशन आहे. रविवारी."

"आणि आवाज?"

"बोलता येईल म्हणाले डॉक्टर. कुजबुजल्यासारखं."

मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला, तो तिने घेतला नाही.

"त्यांना एकदा गायचंय लमीस. मी म्हटलं, छान, रेकॉर्ड करून ठेवू. तर म्हणाले, रेकॉर्ड घाल चुलीत. मला खैरोला ऐकवायचंय. माझ्यात काही शिल्लक आहे का ते तो सांगेल, मग खुशाल कापा म्हणावं घसा."

खैरो हलब सोडून गेला नव्हता. भट्टी गेली, मुलं गेली, तो तिथेच. मी त्याला फोन लावला तर आधी त्याने माझ्या वडिलांसाठी दुआ मागितली, मग माझ्या आईसाठी, मग माझं लग्न झालं नाही म्हणून मला झापलं, आणि मग म्हणाला, "अबू मुनीब गाणार? कुठे आहे तो? बस कितीला सुटते?"

"बस नाही अम्मो, फोनवरच ऐकायचंय," मी म्हटलं. अम्मो म्हणजे आमच्याकडे काका.

"फोनवर गाणं! फोनवर जेवायलाही बोलावशील एखाद दिवशी." मग म्हणाला, "पण मी एकटा नाही ऐकणार. एकट्याने ऐकलेलं गाणं अंगी लागत नाही. अजून कुणाला तरी बसव."

म्हणून तुर्कस्तानात मर्सिनला गेलेल्या दोघा भावांना गोळा केलं. आमच्याच मोहल्ल्यातले, बैठकीत कायम खैरोच्या पुढे बसणारे. ते सगळ्यालाच "अल्ला!" म्हणतात. गवयाने शिंक दिली तरी म्हणतील. पण बैठकीला तेही लागतात, नुसत्या मिठावर कोण जेवतं?

आता अडचण अशी. खैरोच्या फोनवर बोलायचं एक ॲप होतं आणि ते सोडून दुसरं घालायला तो तयार नव्हता. भावांच्याकडे दुसरंच. आणि मला या दोघांच्या मध्ये माझा गाण्याचा प्रोग्राम हवा होता. त्यात अबू मुनीबचा माइक येणार, आवाजाला अंगणात असतो तेवढा घुमारा लागणार, मग तो दोन्हीकडे जाणार, आणि तिकडची दाद अबू मुनीबच्या कानांत येणार. लॅपटॉपमधले हे प्रोग्राम म्हणजे एका घरातल्या रुसलेल्या जावा. शेजारी शेजारी राबतील, पण एकमेकींशी बोलायच्या नाहीत. प्रत्येकीला वाटतं माइक आपला, स्पीकर आपला. मग त्यांच्यामध्ये खोट्या वायरी टाकाव्या लागतात. तोही एक प्रोग्रामच असतो. एकीला तो सांगतो मी स्पीकर आहे, दुसरीला सांगतो मी माइक आहे, आणि इकडचा आवाज गुपचूप तिकडे पोचवतो. हाताला काही लागत नाही. यादीतलं एक नाव निवडायचं आणि देवावर भार टाकायचा.

आणि या सगळ्यात एक नियम पाळायचा असतो. प्रत्येकाला सगळ्यांचं ऐकू गेलं पाहिजे, स्वतःचं सोडून. भावांना खैरो हवा, खैरोला भाऊ हवेत, पण कुणाचा आवाज फिरून त्याच्याच कानात पडता कामा नये. मी कागदावर बाण काढत बसले. बाण काढताना बाबांची फार आठवण आली. ते असते तर म्हणाले असते, एवढ्या उठाठेवीपेक्षा सगळ्यांना एका अंगणात का नाही बसवत?

बसवते हो बाबा. अंगण कुठून आणू?

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतरची वेळ ठरवली. गाणं भरदुपारी, हे ऐकून अबू मुनीबने कपाळाला हात लावला, पण इलाज नव्हता. खैरोच्या गल्लीत वीज म्हणजे जनरेटर, आणि डिझेलची मारामार असल्यामुळे जनरेटरवाला सूर्य बुडाला की बटण दाबून तो बंद करायचा. इंटरनेट त्याच्याच जिवावर. त्यामुळे मगरिबच्या अजानपर्यंत जे काय ते.

अबू मुनीब इस्त्रीचा कोट घालून नहलाबरोबर आला. दाढी केलेली, अत्तर लावलेलं. माझ्या गोधड्यांच्या भिंतींकडे बघून म्हणाला, "हे काय, गाणं आजारी आहे का, पांघरुणं घातलीस ती?" मग खुर्चीत बसून त्याने ऊद, आमचं तंतुवाद्य, मांडीवर घेतला, तारा जुळवल्या आणि हेडफोन लावला. मी तिघांना जोडलं. सलाम झाले, तब्येती झाल्या. खैरोचा आवाज स्वच्छ येत होता, जणू पलीकडच्या खोलीत बसलाय. मला केवढं बरं वाटलं. तिथेच मला शंका यायला हवी होती, खिडकीखाली जनरेटर चालू असलेल्या माणसाचा आवाज इतका स्वच्छ येतो कसा? पण नाही आली.

अबू मुनीबने पहिली ओळ घेतली आणि मध्येच थांबला.

"हा कोण माझी नक्कल करतोय?"

त्याचाच आवाज मर्सिनहून फिरून उशिरा त्याच्या कानात येत होता. भावांनी स्पीकर मोठा करून ठेवला होता, म्हणे शेजाऱ्यांनाही कळू दे कोण गातंय ते. त्यांना ओरडून हेडफोन लावायला लावला. एकच हेडफोन होता, तो दोघांनी एकेका कानात घेतला. मग नीट झालं.

आणि मग तो गायला.

काय सांगू? आवाज म्हातारा झाला होता, वरच्या पट्टीत फाटत होता, आणि त्या फाटण्याला तो असा काही गोंजारून नेत होता की माझे हात की-बोर्डवर नुसतेच पडून राहिले. एक जुनी चीज झाली. मग रास्त मकामात, तुमच्या भाषेत रागात, "या लैल" सुरू केलं. शब्द नाहीत, नुसती रात्रीला घातलेली साद. मी लहान झाले, टेपच्या मागे बसलेली, मांडीवर वायरींचं भेंडोळं, कुणीतरी हातात पिस्ते कोंबलेले. तो वर चढला, वरून बाजूला गेला, हरवला असं वाटेपर्यंत गेला, आणि अलगद सुरावर उतरला. मर्सिनहून "अल्ला! अल्ला! जगत राहा!" आलं, जरा उशिरा, पुढच्या ओळीच्या डोक्यावर पडलं. अबू मुनीबला ते अंतर लगेच समजलं. पुढच्या वेळी उतरल्यावर तो थोडा थांबला, दाद यायला जागा दिली. पुन्हा भाऊच आले.

खैरो नाही.

तिसऱ्यांदा तो असा उतरला की नहलाने ओढणी तोंडाला लावली. डोळे मिटून थांबला. भावांचा कल्ला येऊन गेला. त्याच्यामागे काही नाही. अबू मुनीबने डोळे उघडले आणि लॅपटॉपकडे बघितलं. मग चौथ्यांदा गायला. ते मला बघवलं नाही, कारण आता तो गात नव्हता, वाट बघत होता.

त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि खुणेनेच मला माइक बंद करायला लावला.

"संपलं," तो म्हणाला. "निकाल लागला. खैरो कधी खोटं बोलला नाही, आजही नाही बोलला. नहला, माझा मफलर दे."

"बाबा, एकदा विचारून तरी..."

"कुणाला विचारू? आवडलं का रे माझं, असं? या वयात?" तो चिडलाही नाही, हे जास्त वाईट होतं. "लमीस, पोरी, तुझी मेहनत वाया गेली. चहा मात्र पिऊन जातो."

मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले, नहला मागून आली. हळूच म्हणाली, "तुझ्याकडे तुझ्या वडिलांच्या टेपा आहेत ना कॉम्प्युटरमध्ये? त्यांत खैरो अम्मोचं आह असेल की. एखादं लाव ना गं त्यांच्या कानात. रविवारी ऑपरेशन आहे. कुणाचं काय जातं?"

"माझं जातं!" मी म्हटलं. "आणि ते ओळखतील. दुसऱ्याच कुणाच्या गाण्याला दिलेली दाद आणून ह्यांच्या पदरात टाकू? वेडी आहेस का?"

ती रडायला लागली. मला आणखी राग आला, तिचा नाही, कुणाचा ते कळेना. चहा तसाच सोडून मी लॅपटॉपपुढे बसले. वायर असती तर हाताने माग काढला असता. नव्हती, म्हणून डोळ्यांनी काढला. खैरोचा आवाज माझ्या प्रोग्राममध्ये वेगळ्या ओळीवर उतरत होता, त्याची रेघ मागे नेऊन बघितली. बोलताना डोंगर दिसत होते. गाण्याच्या वेळी सपाट. एकदम सपाट, श्वासही नाही, खोलीचा आवाजही नाही. जिवंत माणसाची रेघ अशी नसते. आणि अबू मुनीब जिथे जिथे सुरावर उतरला होता, तिथून थोडं पुढे, त्या सपाट रेघेवर एक बारीकसा टोचा होता. चारी ठिकाणी.

आवाज होईल तेवढा मोठा करून तो टोचा ऐकला. "अ." पुढे काही नाही. दार उघडून लगेच धाडकन लावावं तसं.

अगं बाई गं! माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या खैरोच्या ॲपमध्ये आवाज साफ करायची सोय होती. माणूस बोलला तर जाऊ द्यायचं, बाकी सगळी घरघर पुसून टाकायची. खिडकीखालचा जनरेटर त्याने पुसला, ठीक. आणि खैरोचं आह? खर्जातलं, लांबलचक, शब्द नसलेलं. तेही जनरेटरच समजून पुसलं. ज्या आवाजासाठी गवई जन्म घालवायचे, तो त्या दीडशहाण्याने केर म्हणून उचलून फेकला.

मी माइक पुन्हा चालू करून ओढला. "खैरो अम्मो! आहात ना?"

"आहे की," खैरोचा आवाज आला. पडलेला, रुसलेला. "थांबला का तो? मी पहिल्यांदा दाद दिली, ऐकली नाही असं केलं. दुसऱ्यांदा दिली, तसंच. मग मी घसा फोडून दिली तर गाणंच बंद केलंन. एवढा मोठा झाला का कैरोला जाऊन? माझं आह नको झालं त्याला?"

"अम्मो, ते पोचलंच नाही हो! फोनने खाल्लं. आता मी सांगते तसं करा. वर कोपऱ्यात तीन ठिपके दिसतायत?"

"ठिपके? माशी बसलीय."

"माशी नाही, तेच ते. चष्मा लावा."

"चष्मा लावूनच माशी दिसली."

कसंबसं तिथपर्यंत नेलं. मध्ये त्याने एकदा कॉल बंद केला, एकदा कॅमेरा चालू करून मला छत दाखवलं. बाहेर ऊन उतरत चाललं होतं. शेवटी ते बटण सापडलं, त्याने दाबलं, आणि माझ्या कानात जनरेटर घुसला. घर्रर्र. आयुष्यात कुठलाही घाण आवाज मला इतका गोड लागलेला नाही.

अबू मुनीब दारात उभा होता, मफलर गुंडाळून.

"उस्ताद, थांबा. त्याने दिली होती दाद. चारी वेळा. मशीनला वाटलं जनरेटर आहे, म्हणून पुसली."

"खैरोचं आह, जनरेटर?" त्याच्या ओठाची कड हलली, पण तेवढीच. "लमीस, तू चांगल्या बापाची मुलगी आहेस. मला गोड गोळी देऊ नकोस."

"खोटं कशाला सांगू?"

"दया आली म्हणून सांगशील. तुझ्याकडे खैरोची आहं पोत्याने आहेत. त्यातलं एक काढशील आणि माझ्या कानात सोडशील. मघाशी आत काय कुजबुज चालली होती ते मला कळलं नाही वाटतं तुम्हाला? बिघडलाय तो माझा घसा. कान शाबूत आहेत."

नहलाने मान खाली घातली. आता मी काय पुरावा देणार? शपथ घेतली असती तर म्हणाला असता, दयेपोटी शपथही खातात माणसं. मी नुसता हेडफोन पुढे धरला. "गाऊ नका. फक्त ऐका, मग जा."

त्याने एक कान लावला. "हे काय घरघरतंय?"

"खैरो अम्मोंच्या खिडकीखालचा जनरेटर."

तो ऐकत राहिला. बराच वेळ. हलबमधला आवाज होता तो, काही झालं तरी. मफलर तसाच, कोट तसाच, येऊन खुर्चीत बसला. "हाही टेपवर मिळत असेल," असं पुटपुटला, पण ऊद घेतला.

पहिल्या उतरणीला मुद्दाम वाकडा गेला, कुठल्याच टेपेत नसेल अशा जागी. थोडा उशीर झाला, आणि मग त्या घरघरीच्या तळातून वर आलं, "आऽऽऽह." अबू मुनीबने माझ्याकडे संशयाने पाहिलं. अजून विश्वास नव्हता. पण गळा तापला होता, आणि गवयाच्या गळ्याला संशय फार वेळ धरवत नाही. तो पुन्हा गायला, यावेळी आम्हाला विसरून. वर गेला तिथे आवाज फाटला, त्याने फाटू दिला, त्या फटीतूनच खाली उतरला, पायरी पायरीने, आणि सुरावर येऊन टेकला.

"तुझं घर पडो, अबू मुनीब!" खैरो ओरडला.

आमच्याकडे गाणं फार आत लागलं की ऐकणारा शिवी देतो. हीच शिवी. सगळं हलब द्यायचं, याच्यावर दाद नाही. पण ती सगळी घरं उभी असतानाची गोष्ट. अबू मुनीबचं घर पडलं होतं. खरोखरच, एका रात्रीत, वरच्या मजल्यापासून तळघरापर्यंत. जिथे या बैठका व्हायच्या ते अंगणही त्याच्याखाली गेलं.

लाइनवर सगळे चिडीचूप. मर्सिनचे भाऊसुद्धा. नुसता जनरेटर.

"अरे देवा," खैरो म्हणाला. "अबू मुनीब, जीभ झडो माझी. सवयीने गेलं रे तोंडातून. माझ्या मनात तसं... माफ कर, भावा. माफ कर."

टेपेतला खैरो कधी कुणाची माफी मागत नाही. अबू मुनीबने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा संशय गळून पडला. मग तो हसायला लागला. खांदे गदागदा हलवत, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत, त्या आजारी घशातून खोकत खोकत.

"पडलं की रे खैरो! केव्हाच पडलं! इतकी वर्षं शिव्या देत होतास, लागली बघ एकदाची!"

तिकडे खैरो रडत होता का हसत होता, मला कळलं नाही. "मग आता काय देऊ तुला? दुसरं काही येत नाही मला."

"मग गप्प बस आणि ऐक."

आणि तो गायला. ते मी सांगू शकत नाही. त्या शुक्रवारला आता वर्षं लोटली, मी पुष्कळांची गाणी ध्वनिमुद्रित केली, चांगली चांगली केली. पण गाणं म्हटलं की मला तीच खोली आठवते, मफलर गुंडाळलेला म्हातारा, आणि त्या घरघरीतून पुन्हा पुन्हा वर येणारं आह. अशी दुपार पुन्हा आली नाही. कशी येणार?

खिडकीतला उजेड तांबूस झाला तेव्हा तो शेवटच्या फेरीत होता, सगळ्यात वर. तेवढ्यात माझ्या कानातली घरघर थांबली. खैरोची रेघ सपाट. त्यांच्या गल्लीत बटण दाबलं गेलं होतं. मी हात वर केला, पण अबू मुनीबचे डोळे मिटलेले. तो उतरत आला, घाई न करता, एकही जागा न चुकवता, आणि सुरावर येऊन थांबला. भाऊ ओरडले. त्याने हातानेच त्यांना थोपवलं, जणू ते समोर बसले होते, आणि मान तिरकी करून थांबून राहिला. खैरोला यायला लागायचा तेवढा वेळ.

"उस्ताद," मी म्हटलं, "लाइन गेली हो. जनरेटर बंद झाला. शेवटचं त्यांना पोचलंच नाही."

"ठाऊक आहे. घरघर थांबली तेव्हाच कळलं मला."

"मग थांबलात कशासाठी?"

त्याने हेडफोन काढला, तारांवरून हात फिरवून ऊद गप्प केला.

"मी कुठे उतरणार ते खैरोला माहीत असतं," तो म्हणाला. "तिथे अंधारात फोन धरून बसला असेल. दिलं असेल त्याने." मग नहलाकडे वळला. "चल घरी. भूक लागली मला."